पंडिता रमाबाईंची ‘साक्ष’ : एक परीक्षण

जुन्या कागदांच्या आमच्या हौसेस एक विचित्र कुंपण आहे. एखाद्या देशमुखाच्या माळ्यावर दप्तर आहे अशी कुणकुण लागली, तर पावसापाण्याची तमा न धरतां आम्ही तेथें जाऊं. पण मिशनच्या छापखान्यांतून निघालेलें पुस्तक रद्दीच्या ढिगांत दिसलें, तर ‘हें आपल्या कामाचें नव्हे’ म्हणून तें पुन्हां ढिगांतच ठेवूं. आम्हींहि अनेक वर्षें असेंच केलें. शाळेंत संस्कृत शिकवीत असतां पंडिता रमाबाईंचें नांव निघे, तेव्हां ‘विदुषी खरी, पण—’ एवढें बोलून आम्ही पुढच्या श्लोकाकडे वळत असूं. त्या ‘पण’ या अव्ययाचा हिशेब राहून गेला होता. तो देण्याचा हा प्रयत्न आहे.

परीक्षणास घेतलेलें पुस्तक लहानसें आहे. रमाबाईंनीं तें इंग्रजींत लिहिलें व १९०७ सालीं केडगांवच्या मुक्ति मिशननें तें प्रसिद्ध केलें. नांव ‘ए टेस्टिमनी’, म्हणजे साक्ष. दु:खाच्या ऐन भरांत एक जीव आशेच्या शोधांत कसकसा हिंडला व शेवटीं ख्रिस्ताच्या ठायीं त्यास क्षमा कशी लाभली, हा त्याचा विषय. साक्षीदार म्हटला म्हणजे त्याची उलटतपासणी आलीच. आणि ती करावयास साधनेंहि आहेत. रमाबाईंचा वॉंटेजच्या भगिनींशीं व चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील यांच्याशीं झालेला पत्रव्यवहार सिस्टर जेराल्डीन यांनीं जुळवून ठेविला होता, तो अ. भि. शहा यांच्या संपादनाखालीं १९७७ सालीं महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृति मंडळानें छापला. साक्ष व पत्रें शेजारीं ठेवून वाचलीं म्हणजे कोठें मेळ बसतो आणि कोठें बसत नाहीं तें कळतें.

प्रथम दु:खाचा भाग. १८५८ सालीं गंगामूळच्या रानांत जन्मलेल्या या मुलीस आईनें संस्कृत शिकविलें. भागवत तिला मुखोद्गत होतें. वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबासह तीर्थोतीर्थीं पुराण सांगत फिरले. जवळचें द्रव्य दानधर्मांत संपलें, आणि १८७४ च्या सुमारास दुष्काळांत वडील, आई व थोरली बहीण थोडक्या महिन्यांत गेलीं. आईच्या प्रेतास खांदेकरी पुरे मिळेनात, तेव्हां चौथी जागा स्वत: रमाबाईंनीं घेतली, उंची कमी पडली म्हणून तिरडीची बाजू डोक्यावर घ्यावी लागली, असें त्या दुष्काळाच्या आठवणींत लिहितात. पुढें १८८० मध्यें भाऊ श्रीनिवास गेला आणि १८८२ च्या फेब्रुवारींत पति बिपिनबिहारी पटकीनें गेले. तेव्हां त्यांचें वय चोविशीच्या आंत, आणि कडेवर मनोरमा.

एवढें सोसलेली बाई साक्षींत म्हणते कीं, धर्मशास्त्रें पाहतां एक गोष्ट सर्वत्र सारखी आढळली: स्त्रीजात असत्याप्रमाणें अपवित्र आहे, आणि पुरुषाप्रमाणें मोक्षाचा मार्ग तिला नाहीं. हा आरोप रागाच्या भरांतला म्हणून टाकून देण्याची आपल्याकडे रीत आहे. ती आम्हांस मान्य नाहीं. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांतील अठरावा श्लोक काढून पाहावा. स्त्रियांस समंत्रक क्रिया नाहीं आणि त्या अनृतरूप आहेत, हें तेथें स्वच्छ आहे. रमाबाईंचा शब्द म्हणजे या श्लोकाचा जवळजवळ अनुवादच होय. पांचव्या अध्यायांत स्त्रीस निराळा यज्ञ नाहीं, व्रत नाहीं, पतिसेवेनेंच स्वर्ग असें सांगितलें आहे. आतां ज्या विधवेचा पति गेला तिनें आशा कोठें धरावी, या प्रश्नास आम्ही चाळीस वर्षें शिकविलेल्या कोणत्याहि पाठ्यपुस्तकांत उत्तर नव्हतें.

तथापि ‘सर्वत्र’ हा शब्द चुकीचा आहे, आणि तो चुकीचा आहे हें रमाबाईंस माहीत असलें पाहिजे. गीतेच्या नवव्या अध्यायांत स्त्रियांसहि परम गति सांगितली आहे. (ती सांगतांना त्यांस कोणाच्या पंक्तीस बसविलें आहे आणि कोणतें विशेषण लाविलें आहे, हें वाचकांनीं मूळांत पाहावें, आम्हांस तें येथें लिहवत नाहीं.) त्याच अध्यायांत अत्यंत दुराचारी मनुष्यहि अनन्यभक्तीनें साधु मानावा असें वचन आहे. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलांतील शहाऐंशीवें सूक्त तर केवळ क्षमायाचना आहे. आपला अपराध कोणता हें वसिष्ठ वरुणास विचारतो, पूर्वजांचीं व स्वत:चीं पापें सोडवावीं म्हणून विनवितो. तेव्हां क्षमेचा विचार या भूमींत नव्हता असें कोणीं म्हणूं नये. पण तें सूक्त ज्या वेदांत आहे त्यांचा अधिकार स्त्रीस नव्हता; कलकत्त्यास केशवचंद्र सेनांनीं हातीं वेद दिला तेव्हां आपण तो वाचावा कीं नाहीं अशी शंका या पंडितेसहि आली. घरांत विहीर असून दोर दुसऱ्याच्या हातीं, असा हा प्रकार आहे.

येथें एक गोष्ट विद्वानांपुढें ठेवावीशी वाटते. याज्ञवल्क्यस्मृतीच्या प्रायश्चित्ताध्यायांत असें म्हटलें आहे कीं, अजाणतां घडलेलें पाप प्रायश्चित्तानें जातें; परंतु जाणूनबुजून केलेल्या पापाचा कर्ता वचनबळानें या लोकीं केवळ व्यवहार्य होतो. या श्लोकावर टीकाकारांनीं पुष्कळ खल केला आहे. सरळ अर्थ घेतला तर, पंक्तीस बसतां येतें, पण पाप गेलें असें मात्र नव्हे. दुसरीकडे भागवताच्या षष्ठ स्कंधाच्या आरंभीं परीक्षिति शुकास विचारतो कीं, मनुष्य पाप करतो, प्रायश्चित्त घेतो, पुन्हां तेंच पाप करतो. मग हें प्रायश्चित्त हत्तीच्या स्नानासारखें निरर्थक नव्हे काय? त्यावर अजामिळाचें आख्यान येतें. हें भागवत रमाबाईंच्या जिभेवर होतें. प्रायश्चित्ताविषयींची त्यांची अतृप्ति मिशनऱ्यांनीं शिकविलेली नसून ती याच घरांत उपजली होती, असा आमचा तर्क आहे. फरक एवढाच कीं, अजामिळ पतित असला तरी ब्राह्मण व पुरुष होता.

साक्षींतील सर्वांत मोलाचा भाग यापुढें येतो. वॉंटेजच्या भगिनींनीं त्यांस लंडन येथील आपल्या शाखेंत पाठविलें. तेथें ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांचें आश्रयस्थान होतें. आणि त्यांपैकीं कित्येक स्त्रिया पालटून जाऊन रोग्यांच्या व दुबळ्यांच्या सेवेस लागल्या होत्या. ह्यांस असें कोणीं केलें, असें विचारतां एका भगिनीनें योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखविला. पांच नवरे केलेल्या शोमरोनी स्त्रीजवळ ख्रिस्त विहिरीवर पाणी मागतो, तो हा अध्याय. रमाबाईंच्या मनाचा कौल येथें फिरला. याज्ञवल्क्याच्या भाषेंत बोलावयाचें तर या स्त्रिया व्यवहार्यहि झाल्या नसत्या. येथें तर त्यांच्याच हातून रोग्यांची शुश्रूषा घेत होते. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं रमाबाईंनीं मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

या ठिकाणीं साक्षीदार मौन धरतो. मुंबईहून निघतांना रमाबाईंबरोबर आनंदीबाई भगत नांवाच्या मैत्रीण होत्या. त्यांनीं वॉंटेज येथें त्याच वर्षीं, या बाप्तिस्म्याच्या थोडेंच आधीं, विषप्राशन करून प्राण दिला. आपणांस बळेंच ख्रिस्ती करतील या भीतीनें हें झालें, असें मॅक्समुल्लर यांनीं लिहून ठेविलें आहे. साक्षींत या बाईंचें नांवहि नाहीं. बाप्तिस्म्याचीहि तारीख नाहीं, ‘१८८३ च्या उत्तरार्धांत’ एवढेंच. इतिहासाच्या दृष्टीनें हें मोठें व्यंग आहे. क्षमेची कथा सांगणाऱ्यानें त्या शरद् ऋतूंतील सर्वांत जड गोष्ट गाळावी, हें आम्हांस पहिल्या वाचनीं खपलें नाहीं, आणि समासांत आम्हीं तसें लिहूनहि ठेविलें.

पुढें तो शेरा आम्हीं खोडला. कारण आमचेंच आहे. फार वर्षांपूर्वीं एका विद्यार्थ्यानें परीक्षेंत लबाडी केली. आम्हीं त्यास वर्गासमक्ष कबूल करावयास लाविलें, शिक्षा दिली, आणि पुन्हां बाकावर बसूं दिलें. तो व्यवहार्य झाला. पण त्या दिवसापासून त्याची वही तपासतांना आम्ही दोनदां पाहत असूं, आणि तें त्यास कळत असे. पुढील वर्षीं तो शाळेंत आला नाहीं. ही गोष्ट आम्हीं आजवर कोठें लिहिली नव्हती. तेव्हां दुसऱ्याच्या मौनावर शेरा मारण्याचा अधिकार आम्हांस किती, हा प्रश्न आहे.

आतां पत्रांशीं मेळ. साक्षीचा दावा असा कीं, १८८३ सालीं आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला होता, प्रत्यक्ष ख्रिस्त मिळाला नव्हता. तो आठ वर्षांनीं, १८९१ च्या सुमारास, हॅस्लम नामक इंग्रज धर्मगुरूचें आत्मवृत्त वाचतांना व स्वत:चें पाप ओळखतांना मिळाला. १८८४ ते १८८६ चीं पत्रें वाचतां हें चित्र पुरें पटत नाहीं. त्या पत्रांत त्रैक्याविषयीं, ख्रिस्ताच्या ईश्वरत्वाविषयीं धारदार वाद आहेत; गुरुस्थानीं असलेल्या भगिनींस ‘माझी सदसद्विवेकबुद्धि माझी आहे’ अशा अर्थाचें स्पष्ट सुनावणें आहे. क्रुसावर लॅटिन अक्षरें कां, आमच्या प्राचीन संस्कृतांत काय उणें, असाहि एक वाद आहे. तो वाचतांना आमच्यासारख्या शास्त्र्याच्या पोराचा ऊर भरून आला हें लपविण्यांत अर्थ नाहीं. केवळ पोथीचा धर्म घेतलेलें माणूस इतकें झगडत नाहीं. साक्ष लिहिली गेली ती १९०५ च्या मुक्तींतील धर्मजागृतीनंतर. त्या उजेडांत मागचीं वर्षें फिकीं दिसलीं असावींत. म्हणून १८८३ पुरता साक्षीपेक्षां पत्रांवर अधिक भार द्यावा. १८९१ च्या अनुभवास मात्र साक्षच मुख्य प्रमाण मानणें प्राप्त आहे.

त्या १८९१ च्या सुमारास पुणें काय करीत होतें हेंहि ध्यानांत असावें. १४ आक्टोबर १८९० रोजीं पंचहौद मिशनमध्यें कांहीं गृहस्थांनीं चहा घेतला, त्यावर ग्रामण्य माजलें, शंकराचार्यांकडून चौकशी झाली, आणि १८९२ सालीं न्यायमूर्ति रानड्यांसारख्यानें प्रायश्चित्त घेतलें. एका पेल्याच्या व्यवहार्यतेचा निकाल लागण्यास दोन वर्षें गेलीं; आणि त्याच शहरांत शारदासदनांतील एक विधवा आपल्या पापाची क्षमा झाली कीं नाहीं या विवंचनेंत बायबल उघडून बसली होती. दोन्ही कागद एकाच दप्तरांत बांधले पाहिजेत.

एक आक्षेप आमच्या व्यवसायाचा. उत्तरवयांत रमाबाईंनीं हिब्रू व ग्रीक शिकून बायबलाचें सोप्या मराठींत भाषांतर केलें. हिंदु तत्त्वज्ञानाचा वास येणारे संस्कृत शब्द त्यांनीं कटाक्षानें टाळूं पाहिले. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या वारल्या; ग्रंथ १९२४ सालीं बाहेर आला. १८७८ सालीं कलकत्त्यास ‘सरस्वती’ ही पदवी मिळालेल्या बाईनें हा वनवास पत्करावा याचें आम्हांस दु:ख वाटतें, आणि तो पूर्ण साधलाहि नाहीं. केडगांवीं पतित स्त्रियांसाठीं जें घर काढलें त्याचें नांव ‘कृपासदन’. आणि सर्व संस्थेचें नांव, शास्त्रांनीं स्त्रीस नाकारलेली म्हणून ज्या वस्तूची त्यांनीं तक्रार केली तेंच: ‘मुक्ति’. हे शब्द त्यांनीं सोडले नाहींत.

मुक्तीच्या छापखान्यांत आश्रमांतील मुलींनीं खिळे जुळवून छापलेलीं पुस्तकें व पत्रकें अद्याप जुन्या ख्रिस्ती कुटुंबांत, चर्चच्या कपाटांत व रद्दीवाल्यांकडे आढळतात. कागद हलका असल्यानें त्यांचे कोपरे तुटूं लागले आहेत. कोणा संग्राहकास तीं आढळल्यास त्यांनीं पुठ्ठा व मुखपृष्ठ न फाडतां, समासांतील हस्तलिखित टिपांसह, जशींच्या तशीं जतन करावींत, आणि त्यांची नोंद मंडळाच्या चिटणिसांकडे पाठवावी. आमच्या स्वत:च्या प्रतीच्या समासांतील तो खोडलेला शेराहि आम्हीं तसाच राहूं दिला आहे.