अंतराळाचे खेळ आणि प्रवासाचा वेळ

संगणकावर अंतराळयान चालवण्याचा खेळ तयार करणाऱ्यापुढे एक अडचण पहिल्यापासूनच उभी असते. अंतराळात बघण्याजोगे फार थोडे आणि रिकामी जागा अफाट. ‘न्यू होरायझन्स’ यान १९ जानेवारी २००६ रोजी पृथ्वीवरून निघाले आणि १४ जुलै २०१५ रोजी प्लूटोजवळून गेले. मधल्या साडेनऊ वर्षांत वाटेत भेटला तो मुख्यतः गुरू. शाळेतून घरी येऊन तासभर खेळणाऱ्या मुलाला हा प्रवास द्यायचा कसा? वेगवेगळ्या खेळांनी दिलेली उत्तरे शिक्षकांनी तपासण्यासारखी आहेत. आपले काही विद्यार्थी हे खेळ खेळतात आणि अंतराळाविषयीच्या त्यांच्या कल्पना तिथेही घडत असतात.

डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल यांचा ‘एलिट’ १९८४ साली आला. ३२ किलोबाइट स्मृतीच्या संगणकावर चालणाऱ्या त्या खेळात ग्रह आणि अवकाशस्थानक जवळजवळ शेजारीच होते. त्याबद्दल कोणी तक्रार करण्याचे कारण नाही. ब्रेबेन यांनीच १९९३ साली काढलेल्या ‘फ्राँटियर’मध्ये मात्र न्यूटनचे गतिनियम आले, ग्रह आणि अंतरे खऱ्या मापाची झाली, आणि प्रवासाला दिवसच्या दिवस लागू लागले. म्हणून घड्याळ भरभर पुढे नेण्याची सोय द्यावी लागली. यान अर्ध्या वाटेपर्यंत वेग वाढवत जाते, मग उलटे फिरून उरलेल्या अर्ध्यात वेग कमी करते.

याचे गणित दहावी-अकरावीच्या मुलांना जमेल. मंगळ पृथ्वीच्या जवळ असताना अंतर सुमारे ७ कोटी ८० लाख किलोमीटर धरा आणि त्वरण पृथ्वीवरील गुरुत्वत्वरणाइतके, म्हणजे ९.८. अर्ध्या अंतरासाठी s = ½at² हे सूत्र वापरले की पूर्ण प्रवासाला दोन दिवसांहून थोडा अधिक वेळ लागतो असे दिसते. अंतर चौपट केले तर वेळ फक्त दुप्पट होतो. मधोमध यानाचा वेग सेकंदाला ८७० किलोमीटरच्या आसपास पोचतो. व्हॉयेजर-१ चा वेग सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर आहे, हे शेजारी लिहून ठेवावे. दोन दिवस सतत असे इंजिन चालवण्याइतके इंधन घेऊन जाणारा अग्निबाण आपल्याकडे नाही.

‘फ्राँटियर’च्या या प्रामाणिकपणाचा खेळाडूंना त्रासही झाला. प्रचंड वेगाची दोन याने समोरासमोर आली की लढाई व्हायच्या आत एकमेकांना ओलांडून जात. त्याच मालिकेतल्या २०१४ च्या ‘एलिट डेंजरस’मध्ये यानांना पुन्हा वेगमर्यादा घातली आहे आणि लांबच्या प्रवासासाठी प्रकाशाहून वेगवान अशी एक काल्पनिक गती दिली आहे. तरीही या खेळात एक जागा कंटाळ्यासाठी प्रसिद्ध आहे. अल्फा सेंटॉरी प्रणालीतले हटन ऑर्बिटल हे स्थानक यान जिथे प्रकट होते तिथून सुमारे ०.२२ प्रकाशवर्ष दूर आहे. तिथे पोचायला खेळाडूला खरोखरीचा साधारण दीड तास पडद्यासमोर काढावा लागतो. अनेकांनी याला नावे ठेवली, तर काहींनी ती यात्राच केली! माझी तक्रार वेगळी आहे. ते अंतर कापायला प्रकाशालाच सुमारे ८० दिवस लागतात. म्हणजे यान प्रकाशाच्या हजारपटीहून अधिक वेगाने गेले. खेळाडू थकतो, पण त्याच्या मनात रुजतो तो आकडा पूर्ण खोटा. वाट पाहायला लावली एवढ्याने खेळ खरा ठरत नाही.

‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ हा खेळ मला वर्गाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मेक्सिकोतील स्क्वाड या संस्थेने तो २०११ साली प्रथम लोकांसमोर ठेवला. यात प्रवास लहान केला आहे तो जगच लहान करून. कर्बिन या काल्पनिक ग्रहाची त्रिज्या ६०० किलोमीटर आहे, पृथ्वीच्या दहाव्या भागाहूनही कमी. ग्रहाजवळच्या कक्षेतला वेग त्यामुळे सेकंदाला ७.८ ऐवजी २.३ किलोमीटरच्या जवळपास येतो. मात्र पृष्ठभागावरचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीइतकेच ठेवले आहे. तेव्हा त्या ग्रहाची घनता किती, हे मुलांना काढायला सांगावे. उत्तर पाण्याच्या सुमारे ५८ पट येते. ऑस्मिअमची घनता साडेबावीसच्या आसपास आहे, म्हणजे असा ग्रह कोणत्याही ज्ञात धातूचा करता येणार नाही.

दुसरी काटछाट सहज लक्षात येत नाही. पृथ्वी आणि चंद्र यांच्यामध्ये सुमारे तीस पृथ्व्या ओळीने मावतात. कर्बिनचा जवळचा चंद्र त्याच्यापासून केवळ दहा व्यासांवर आहे. परिणामी तिथे साडेसात तासांत पोचता येते. अपोलो-११ ला १९६९ साली चंद्राच्या कक्षेत शिरायला तीन दिवसांहून अधिक लागले होते. पाठ्यपुस्तकांतल्या चित्रांत चंद्र पृथ्वीला खेटून काढलेला असतो, त्या चुकीच्या समजाला हा खेळ थोडे खतपाणीच घालतो.

असे असूनही मी त्याला माफ करतो, कारण यात इंजिन बहुतेक वेळ बंद असते. इंजिन थांबले की यान थांबते, हा समज व्याख्यानाने जात नाही. तो इथे पहिल्याच उड्डाणात जातो. चंद्रयान-३ चेच घ्या. अमेरिकन लोक चार दिवसांत चंद्रावर उतरले, मग आपल्याला ४० दिवस का, असे २०२३ साली पुष्कळांनी विचारले. यान १४ जुलैला निघाले, पृथ्वीभोवती फिरताना पाच वेळा त्याची कक्षा वाढवली, १ ऑगस्टला ते चंद्राच्या वाटेला लागले, ५ ऑगस्टला चंद्राच्या कक्षेत गेले आणि २३ ऑगस्टला उतरले. खरी वाटचाल चार-पाच दिवसांचीच होती; बाकीचा वेळ कक्षा बदलण्यात आणि उतरण्याच्या तयारीत गेला. लहान इंजिन असेल तर ग्रहाच्या जवळून जाताना दर फेरीला थोडा थोडा जोर लावावा लागतो. हे फळ्यावर समजावताना दमछाक होते. कर्बलमध्ये मूल तासाभरात स्वतः करून पाहते.

या खेळाचा खरा दोष पुढेच आहे. घड्याळ एक लाख पटीने पळवता येते, आणि पळवलेल्या काळाची किंमत काहीच द्यावी लागत नाही. मूळ खेळात यात्री जेवत नाहीत, पाणी पीत नाहीत, आजारी पडत नाहीत. वीस वर्षे कुपीत बसवले तरी हसत बाहेर येतात. व्हॅलेरी पोल्याकोव्ह १९९४-९५ मध्ये मीर स्थानकावर सलग ४३७ दिवस राहिले, आणि माणसाला मंगळापर्यंतचा काळ सोसवेल का, हाच त्यामागचा मोठा प्रश्न होता. मंगळाकडे कमीत कमी इंधनात जायला सुमारे २५९ दिवस लागतात. परतीसाठी ग्रह पुन्हा योग्य जागी येईपर्यंत तिथेच थांबावे लागते. खेळात हे सारे एका कळीखाली मिटते, आणि मुलाला वाटते की अवघड काय ते अग्निबाण उडवण्यातच आहे.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील मार्टिन श्वायगर यांचा ‘ऑर्बिटर’ २००० सालापासून मोफत मिळतो. त्यात खरी सूर्यमाला खऱ्या मापात आहे. कर्बलमध्ये यानावर एका वेळी एकाच गोलाचे गुरुत्वाकर्षण चालते, त्यामुळे आदित्य-एल१ ज्या बिंदूभोवती फिरते तसा बिंदूच तिथे नाही. ऑर्बिटरमध्ये अनेक गोलांचे आकर्षण एकत्र मोजले जाते. खेळ म्हणून तो रुक्ष आहे आणि शिकायला वेळ लागतो. घड्याळ यातही एक लाख पट पळते, म्हणजे मंगळाचे २५९ दिवस पावणेचार मिनिटांत संपतात.

वर्गात दाखवायचा असेल तर त्या पावणेचार मिनिटांत बोलू नये. एका मुलाला फळ्याशी उभे करून दर पंधरा सेकंदांनी किती दिवस गेले ते लिहायला सांगावे. दर वेळी साधारण सतरा दिवसांची भर पडेल. दुसऱ्या गटाने तेवढ्या दिवसांत तीन माणसांना लागणाऱ्या पाण्याचा आणि अन्नाचा हिशेब स्वतःच्या घरच्या वापरावरून मांडावा. तो बोजा कुठल्या यानात बसेल, हा प्रश्न मग मुलेच विचारतात.