रोखलेली एक्स्टेंशने आणि निषेधवचनाचा अर्थ

कोणत्याही वचनाचा अर्थ लावताना ते कोणी उच्चारले, कोणास उद्देशून उच्चारले आणि कोणत्या अधिकाराने, हे आधी पाहावे लागते. एक्स्टेंशन म्हणजे ब्राउझरला बाहेरून जोडावयाचा छोटा प्रोग्रॅम. तो बसवू जाता पडद्यावर 'हे एक्स्टेंशन रोखण्यात आले आहे' अशा आशयाची जी सूचना उमटते, ती या दृष्टीने वाचली असता तिच्यातील वैगुण्य तत्काळ नजरेत भरते. कर्मणी रचनेच्या आडोशाने तिच्यातील कर्ता लुप्त झालेला असतो आणि कारण बहुधा अध्याहृतच राहते. असे वचन वाचणाऱ्यापुढे दोनच मार्ग उरतात : ते मुकाट्याने शिरोधार्य मानणे, किंवा धाब्यावर बसवून आडवाटेने एक्स्टेंशन आत घेणे. दोन्ही मार्गांत विचाराला अवसर नाही.

वस्तुतः या एकाच क्रियापदाखाली परस्परांहून अगदी भिन्न असे निषेध वावरत असतात. २०१४ साली विंडोजवरील क्रोमने आपल्या वेब स्टोअरबाहेरून येणारी एक्स्टेंशने नाकारावयास आरंभ केला. २०१६ मध्ये फायरफॉक्सच्या ४८ व्या आवृत्तीपासून मोझिलाची स्वाक्षरी नसलेली एक्स्टेंशने तिच्या नेहमीच्या आवृत्तीत बसवता येईनाशी झाली. हा निषेध वस्तूच्या गुणदोषांविषयी काहीच सांगत नाही; ती परिचित दाराने आलेली नाही, एवढेच तो सांगतो. जाहिराती रोखणाऱ्या यूब्लॉक ओरिजिनची गोष्ट याहून निराळी. मॅनिफेस्ट व्ही-२ ही जुनी चौकट क्रोमने २०२४-२५ मध्ये टप्प्याटप्प्याने मोडीत काढली आणि तिच्यावर उभे असलेले हे एक्स्टेंशन तेथे बंद पडले; फायरफॉक्समध्ये मात्र ते चालू राहिले. जुन्या चौकटीमुळे सुरक्षिततेला बाधा येते असा युक्तिवाद गूगलने केला होता, आणि तो सर्वस्वी पोकळ नाही. तथापि एकच वस्तू एका घरी निषिद्ध आणि शेजारी मान्य ठरते, तेव्हा तो निषेध वस्तूच्या दुष्टपणाचा पुरावा होऊ शकत नाही, हे उघड आहे.

खरोखरीच्या धोक्याचा निषेध कसा असतो, हे पाहण्यास 'द ग्रेट सस्पेंडर' या एक्स्टेंशनचे उदाहरण फार उद्बोधक आहे. न वापरलेले टॅब निजवून संगणकाची स्मृती वाचवणे, एवढेच त्याचे काम. वापरणारे वीस लाखांवर होते. त्याचा प्रोग्रॅम गिटहबवर सर्वांस वाचावयास खुला होता, आणि त्या खुलेपणावरच लोकांचा विश्वास उभा होता. जून २०२० मध्ये मूळ कर्त्याने ते एका अज्ञात पक्षास विकले. पुढे ऑक्टोबरमध्ये वेब स्टोअरमधून ७.१.८ ही आवृत्ती वाटली गेली. तिच्यात बाहेरच्या सर्व्हरवरून आणलेला कोड चालवण्याची सोय होती, आणि गिटहबवरील पाठात तिचा मागमूस नव्हता. प्रकट पाठ एक आणि प्रचलित पाठ दुसरा, अशी ही अवस्था. पाठचिकित्सेच्या अभ्यासकास ती अपरिचित वाटू नये. मात्र येथे प्रक्षिप्त भाग वाचकाच्या नकळत, एका रात्रीत, लाखो प्रतींत शिरतो. ४ फेब्रुवारी २०२१ रोजी गूगलने ते एक्स्टेंशन अपायकारक म्हणून एकदम बंद केले. त्यासरशी निजवलेले टॅबही नाहीसे झाले आणि लोकांना ब्राउझरच्या इतिहासातून मूळ पत्ते हुडकीत बसावे लागले.

यानंतर अनेकांनी जे केले ते येथे विशेष महत्त्वाचे आहे. विक्रीपूर्वीची ७.१.६ ही आवृत्ती गिटहबवरून उतरवून, क्रोमच्या एक्स्टेंशनांच्या पानावर 'डेव्हलपर मोड' चालू करून, त्यांनी तिचा फोल्डर थेट आत घेतला. कृती दोन-तीन क्लिकांची आहे. तिचे परिणाम मात्र तितके सरळ नाहीत. अशा रीतीने बसवलेले एक्स्टेंशन आपोआप अद्ययावत होत नाही. ज्या वाटेने विष आले ती वाट बंद झाली, हा लाभच. परंतु पुढे एखादा दोष उघडकीस आला तर त्याची दुरुस्तीही त्याच वाटेने यावयाची होती. शिवाय स्टोअरमधून आलेल्या फायलींत मागाहून कोणी फेरफार केला आहे काय, हे क्रोम तपासून पाहतो. मोकळ्या फोल्डरास ते संरक्षण नाही. त्या फोल्डरात लिहू शकणारा दुसरा कोणताही प्रोग्रॅम त्या एक्स्टेंशनचे अंतरंग पालटू शकतो. 'कोड खुला आहे, म्हणून निर्धास्त असावे' हा सल्ला येथे लटका पडतो. खुला कोड वाचणारा कोणी असावा लागतो, आणि त्याने वाचलेला पाठच आपल्या संगणकावर आहे याची खातरजमाही व्हावी लागते.

उलट पक्षी, अधिकृत दार तेवढे निर्धोक असे मानणेही भाबडेपणाचे ठरेल. डिसेंबर २०२४ मध्ये सायबरहेवन या सुरक्षा-कंपनीच्याच एका कर्मचाऱ्यास बनावट ई-मेलने फसवून हल्लेखोरांनी तिच्या एक्स्टेंशनची दूषित आवृत्ती वेब स्टोअरमधून प्रसृत केली. ती सुमारे एक दिवस तेथे होती. वापरणारे चार लाखांच्या घरात होते, आणि त्यांपैकी कोणाच्याही पडद्यावर त्या दिवशी निषेधाचे अक्षर उमटले नाही.

तेव्हा खरा प्रश्न एक्स्टेंशनला काय काय करण्याची मुभा मिळते, हा आहे. सर्व संकेतस्थळांवरील सर्व माहिती वाचण्याची आणि बदलण्याची परवानगी मागणारे वाक्य नित्याच्या सवयीने वाचले जाते, किंबहुना वाचलेच जात नाही. त्याचा अर्थ मात्र अक्षरशः घ्यावयाचा असतो. बँकेच्या पानावरील शिल्लक, उघडलेले पत्र, टंकलिखित होत असलेला पासवर्ड, हे सारे 'माहिती' या एका सामान्यनामात सामावलेले आहे. अवरोधाची सूचना मोठ्या अक्षरांत येते आणि हे वाक्य लहान अक्षरांत. धोक्याचे प्रमाण पुष्कळदा याच्या उलट असते.

विद्यापीठाच्या संगणकावर प्रशासकाने घातलेली बंदी ही यांपैकी कोणत्याच वर्गात बसत नाही. तेथे धोका एकट्या वापरणाऱ्याचा नसून त्याच जाळ्यातील इतरांचाही असतो. म्हणून ती बंदी चुकविण्याऐवजी प्रशासकाकडून कारण विचारून घेणे उचित. स्वतःच्या यंत्रावर एखादे रोखलेले एक्स्टेंशन पारखूनच पाहावयाचे असेल, तर ब्राउझरमध्ये वेगळी प्रोफाइल काढता येते. तेथे बँकेत किंवा पत्रपेटीत प्रवेश केला नाही, तर एका प्रोफाइलमधील एक्स्टेंशनचा हात दुसरीतील पानांपर्यंत पोचत नाही. फायरफॉक्समध्ये चाचणीपुरते घातलेले एक्स्टेंशन ब्राउझर पुन्हा सुरू करताच निघूनही जाते. निषेधाच्या सूचनेत या सोयींचा उल्लेख कोठेही आढळत नाही.