नाचाकडे पाहणारा ताल

नृत्य संगीतावर ‘बसवले’ जाते असे आपण सहज म्हणून जातो. भरतनाट्यमच्या बाबतीत हे अर्धेच खरे आहे. उरलेला अर्धा भाग ध्वनिमुद्रित संगीतावर नाचताना हरवतो.

मी राहतो त्या बसवनगुडीत नृत्याचे कार्यक्रम पुष्कळ होतात. तिथल्या एका छोट्या सभागृहात एका मुलीचे वर्णम पाहत होतो. गाणे लॅपटॉपवरून चालू होते. वर्णममध्ये एकच ओळ पुन्हा पुन्हा गायली जाते आणि नर्तकी दर वेळी तिचा अर्थ निराळ्या प्रसंगातून उलगडते. याला संचारी म्हणतात. वाट पाहणाऱ्या नायिकेचा प्रसंग चांगलाच रंगला होता. तिने दाराकडे नजर लावली आणि तेवढ्यात गाणे पुढच्या ओळीवर गेले. हात अर्ध्यात सोडून तिला गाण्यामागे धावावे लागले.

अशा वेळी आमचे इंजिनिअरिंगचे विद्यार्थी आधी विलंब मोजू पाहतात. तोही मोजू. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. स्पीकर ७ मीटरवर असेल तर आवाज साधारण २० मिलिसेकंद उशिरा पोचतो. एक मात्रा ०.८ सेकंदाची धरून तिच्यात आठ बोल बसवले, तर प्रत्येक बोलाला १०० मिलिसेकंद मिळतात. फरक नगण्य नाही, पण तो ठरावीक असल्यामुळे सरावाने पाय तो सांभाळून घेतात. खरी अडचण ही की लॅपटॉपला नर्तकी दिसत नाही.

नट्टुवनारला ती दिसते. हातातल्या टाळांवर तो पावलांचे आघात वाजवतो, तोंडाने ‘तैया तै’सारखे बोल म्हणतो आणि डोळे नर्तकीवर ठेवतो. संचारी लांबली तर गायक ती ओळ आणखी एकदा घेतो. म्हणजे इथे संगीतही नाचामागून चालते. २९ मे १९१३ रोजी पॅरिसमध्ये स्त्राविन्स्कीच्या ‘राइट ऑफ स्प्रिंग’च्या पहिल्या प्रयोगात प्रेक्षकांच्या गोंगाटात वाद्यवृंद ऐकू येईना, तेव्हा निजिन्स्की विंगेतून ओरडून नर्तकांना आकडे सांगत होता. तिथे जी नाइलाजाची मदत होती, ती आपल्याकडे उघडपणे संगीताचाच भाग आहे.

या व्यवस्थेशी मराठीचेही नाते आहे. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी राजांच्या (१७९८–१८३२) दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु हे चार भाऊ होते. अलारिपूपासून तिल्लानापर्यंतच्या आजच्या क्रमाचे श्रेय त्यांना दिले जाते. सरफोजींच्या नावावर नृत्यासाठी रचलेली मराठी निरूपणे आहेत. चिन्नय्या पुढे म्हैसूर दरबारी गेले. या भावांचा पेशाच नट्टुवनारचा होता. रचना करणारा आणि प्रयोगात टाळ धरणारा बहुधा एकच माणूस असे, हे मला त्या परंपरेतले सर्वांत महत्त्वाचे वाटते.

ध्वनिमुद्रण वापरणाऱ्यांना मात्र मी नावे ठेवणार नाही. गायक, मृदंगम, व्हायोलिन, बासरी आणि नट्टुवनार यांचे मानधन सगळ्याच पालकांना झेपत नाही. अलारिपू किंवा समूहनृत्य मुद्रित संगीतावर बऱ्यापैकी निभावते. त्यात मोजणी आधीच पक्की असते. पैसे एकाच रचनेपुरते असतील, तर ते वर्णमवर खर्च करावेत. त्या मुलीला दाराकडे आणखी चार आवर्तने पाहता आले असते.