किड ओरीचा ट्रॉम्बोन : साथसंगतीचे मूल्य

न्यू ऑर्लिन्सच्या जॅझचा इतिहास एकलवादकांभोवती रचला गेल्याने किड ओरीची गणना दुय्यम वादकांत होते. हे मूल्यमापन एकांगी आहे. कॉर्नेटच्या मुख्य सुरावटीखाली ट्रॉम्बोनचे घसरते, रांगडे स्वर ठेवून तो दोन ओळींमधील पोकळी भरतो. १९२५ पासूनच्या ‘हॉट फाइव्ह’च्या ध्वनिमुद्रणांत आर्मस्ट्राँगचे कॉर्नेट मुक्त विहरते ते या आधारामुळेच. त्याच आर्मस्ट्राँगला १९१८ मध्ये किंग ऑलिव्हरच्या जागी आपल्या वृंदात घेणारा वृंदप्रमुख ओरीच होता. १९३० च्या दशकात संगीत सोडून त्याने कुक्कुटपालन केले. पुढील दशकात तो परतला, तो तीच शैली घेऊन. बीबॉपच्या त्या काळात हा हट्ट कालबाह्य ठरवणे सोपे होते. वस्तुतः ती सामूहिक वादनपद्धती नव्या श्रोत्यांना प्रत्यक्ष ऐकवू शकणारे जुने वृंदप्रमुख तेव्हा थोडेच उरले होते.