एका गौण विधानातील दोन भाषा : एलिस यांची मद्रास-टीप, सिंहली आणि मराठी

फ्रान्सिस व्हाइट एलिस यांची तेलुगूविषयक टीप १८१६ साली मद्रास येथे, ए. डी. कॅम्बेल यांच्या तेलुगू व्याकरणाच्या प्रस्तावनेस जोडून प्रसिद्ध झाली. कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकविण्यासाठी १८१२ मध्ये स्थापन झालेले फोर्ट सेंट जॉर्जचे महाविद्यालय ही तिची जन्मभूमी. तमिळ, तेलुगू, कन्नड या भाषा संस्कृतोद्भव नसून परस्परांच्या सगोत्र आहेत, हा टिपेचा सिद्धांत. रॉबर्ट कॉल्डवेल यांचे तौलनिक व्याकरण त्यानंतर चाळीस वर्षांनी, १८५६ मध्ये आले. एलिस यांचे हे पूर्वसूरित्व थॉमस ट्राउटमन यांनी २००६ मधील ग्रंथात साधार मांडले आहे.

टिपेतील एक गौण विधान मराठीच्या अभ्यासकास विशेष महत्त्वाचे आहे. दक्षिणेच्या या कुळातील भाषांची गणना झाल्यावर एलिस सिंहली, मराठी आणि ओडिया यांचा एकत्र निर्देश करतात. या भाषा त्या कुळातील नव्हेत, तथापि त्यांनी तेथून पुष्कळ शब्द आणि वाक्प्रयोग घेतले आहेत, असे ते म्हणतात. विधान अचूक आहे; परंतु ते टिपेच्या एकूण युक्तिवादास अडचणीत आणते.

हा युक्तिवाद धातू, शब्द आणि वाक्प्रयोग अशा तीन पायऱ्यांनी चढतो. धातूंच्या याद्या समोरासमोर ठेवून तेलुगूचे धातू संस्कृताचे नव्हेत, ते तमिळ-कन्नडशी जुळतात, हे दाखविले जाते. शब्दांच्या बाबतीत तत्सम, तद्भव, देश्य ही भारतीय वैयाकरणांचीच विभागणी उपयोगास येते. शेवटी वाक्यरचनेचे साम्य सगोत्रतेच्या पुष्ट्यर्थ सादर होते. परंतु सिंहली आणि मराठी यांनी वाक्प्रयोग उसने घेतले हे मान्य केले, की वाक्प्रयोगाचे साम्य हा सगोत्रतेचा पुरावा उरत नाही. जी वस्तू उसनी मिळते ती वारसाहक्क सिद्ध करू शकत नाही. सिद्धांताचा सारा भार मग धातूंवर येऊन पडतो. तो भार धातूंनी पेलला, हे एलिस यांचे यश. तिसरी पायरी मात्र त्यांच्याच विधानाने डळमळते.

विल्यम जोन्स यांच्या १७८६ च्या कलकत्ता येथील व्याख्यानात हाच प्रश्न उलट बाजूने येतो. केल्टिक भाषा अगदी भिन्न वळणाच्या बोलीशी मिसळलेली असली तरी तिचे मूळ संस्कृताशी एकच असावे, असा तर्क त्यांनी केला होता. केल्टिक गटातील वेल्श ही जोन्स यांच्या पित्याच्या अँगलसी बेटाची भाषा. तिच्यात मागील शब्दानुसार पुढील शब्दाचे आद्य व्यंजन बदलते : ‘टाद’ म्हणजे बाप, पण त्याचा बाप ‘डाद’ आणि तिचा बाप ‘थाद’. असल्या वळणामुळे संस्कृताशी नाते प्रथमदर्शनी ओळखू येत नाही. जेम्स प्रिचर्ड यांनी १८३१ मध्ये ते साधार मांडले. वेल्शमध्ये वळण नाते झाकते. मराठीत आणि सिंहलीत वळण नसलेल्या नात्याचा भास निर्माण करते.

या दोन भाषांची तुलना केल्यास ‘उसनवारी’ हा शब्दच अपुरा ठरतो. दोन्ही आर्यकुलोत्पन्न, मराठीचे हात, दात, गाव हे शब्द सिंहलीत अत, दत, गम असे भेटतात. दोहोंना द्राविड शेजार लाभला. दोहोंत भुकेचा अनुभव घेणारा चतुर्थीत येतो : ‘मला भूक लागली’, सिंहलीत ‘मट बडगिनियि’, बडगिनि म्हणजे पोटातली आग. तमिळमध्येही ‘एनक्कु’ हे चतुर्थीचेच रूप. परोक्तीनंतर मराठीत ‘म्हणून’, सिंहलीत ‘कियला’, तमिळमध्ये ‘एन्ऱु’. तिन्ही ‘म्हणणे’ या अर्थाच्या धातूंची पूर्वकालवाचक रूपे. अशा साम्यांचा विचार एमेनो यांनी १९५६ मध्ये भारत हे एक भाषिक क्षेत्र मानून केला. संस्कृत ‘इति’चे स्थानही असेच असल्याने, येथे धनको कोण आणि ऋणको कोण हे ठरविणे सोपे नाही.

भेद अधिक बोलके आहेत. मराठीने महाप्राण राखले, सिंहलीने ते गमावले. श्रोत्यास सामावणारे ‘आपण’ आणि त्यास वगळणारे ‘आम्ही’ हा तमिळच्या ‘नाम्’–‘नांगळ्’सारखा भेद मराठीत आहे, सिंहलीत केवळ ‘अपि’. मराठीने तीन लिंगे टिकविली, सिंहलीने नामांची सजीव-निर्जीव अशी वाटणी केली. ही वाटणी तमिळची नक्कल नव्हे, कारण तमिळ पशूंना मानवेतर वर्गात निर्जीवांसोबत ठेवते, तर सिंहली त्यांना सजीवांत घेते. बोलीभाषेतील सिंहली क्रियापद पुरुष-वचनानुसार बदलत नाही, तमिळचे बदलते. सारखे कूळ आणि तसाच शेजार असूनही निष्पत्ती वेगळी झाली, कारण प्रत्येक भाषेने शेजाऱ्याकडून घेतलेले आपल्या घडणीत बसविले.

मराठीच्या उगमाचा वाद या दृष्टीने पाहावयास हवा. फ्रँकलिन साउथवर्थ यांनी १९७१ मध्ये मराठीच्या घडणीत प्राचीन भाषासंकराची शक्यता तपासली. विश्वनाथ खैरे यांनी संस्कृत, मराठी आणि तमिळ यांच्या आद्याक्षरांतून ‘संमत’ विचार मांडला. त्यांचे निष्कर्ष भिन्न आहेत आणि ते सगळे स्वीकारणे आवश्यक नाही. परंतु धातूंच्या साक्षीने त्यांना निकालात काढणे, किंवा वाक्प्रयोगांच्या साक्षीने मराठीचे गोत्र बदलणे, या दोन्ही गोष्टींत पुराव्याची गल्लत होते. धातू गोत्र सांगतात, वाक्प्रयोग सहवास सांगतो. एकाचे उत्तर दुसऱ्याच्या प्रश्नास देता येत नाही.

तौलनिक साहित्याभ्यासासही हा विवेक हवा. कांचीशी संबंध जोडल्या जाणाऱ्या दंडीचा ‘काव्यादर्श’ कन्नडमध्ये ‘कविराजमार्ग’, सिंहलीत ‘सियबस्लकर’ आणि तमिळमध्ये ‘दंडियलंकारम्’ या रूपांनी अवतरला. येथे दाता संस्कृत असून घेणारे दोन भिन्न कुळांतले आहेत. या ग्रंथांची ‘प्रभाव’ या एका शब्दात बोळवण केली, तर प्रत्येक भाषेने दंडीतून काय वगळले आणि आपल्या काव्यव्यवहारास अनुरूप असे काय घातले, हे पाहावयाचेच राहून जाते. एलिस यांनी सिंहली आणि मराठी यांना कुळाबाहेर ठेवले ते योग्यच होते. त्यांनी काय घेतले हे सांगून ते थांबले. घेतलेल्याचे त्या भाषांनी काय केले, हा प्रश्न त्यांच्या टिपेनंतरचा आहे.