माहेरची ओढ आणि खड्डे : ‘ई.टी.’ या व्हिडिओ गेमची चिकित्सा

साहित्यकृतीच्या माध्यमांतराचा विचार मराठी समीक्षेला नवा नाही. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ (१९३५) या पुस्तकावर आचार्य अत्रे यांनी १९५३ मध्ये चित्रपट काढला. पुस्तकातील आई पडद्यावर किती उरली, असा प्रश्न अशा कृतींबाबत आपण विचारतोच. चित्रपटावरून रचलेल्या व्हिडिओ गेमला मात्र हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. मुलांचा वेळ खाणारी वस्तू म्हणून तो विषय सोडून दिला जातो. प्रस्तुत लेखात अशाच एका, कमालीच्या निराशाजनक ठरलेल्या माध्यमांतराची चिकित्सा करावयाची आहे.

स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘ई.टी.’ हा कौटुंबिक चित्रपट जून १९८२ मध्ये प्रदर्शित झाला. पृथ्वीवर एकटा मागे राहिलेला परग्रहवासी, त्याला घरात लपविणारा एलियट हा मुलगा आणि दूरध्वनी जुळवून स्वगृही संदेश धाडण्याची धडपड, एवढेच त्याचे कथानक. त्यावरील खेळाचे हक्क अटारी कंपनीने मिळविले ते जुलैअखेर. नाताळची बाजारपेठ गाठायची असल्याने हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ या प्रोग्रामरला अवघे पाच आठवडे मिळाले. सुमारे ४० लाख प्रती काढल्या गेल्या, त्यांपैकी १५ लाखांच्या आसपास विकल्या गेल्या, असे सांगितले जाते. अपयशाचे खापर एरवी या घाईवर फोडले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे.

खेळाचे नियमच पाहू. ई.टी.जवळ आरंभी ९९९९ एवढी शक्ती असते आणि प्रत्येक पावलागणिक ती घटते. ही कल्पना खरे तर मर्मग्राही आहे. घरापासून दुरावलेला जीव झिजत जातो, हे चित्रपटातील सत्य येथे एका आकड्यात उतरले आहे. आठ किलोबाइटच्या मर्यादेत हे साधल्याबद्दल वॉर्शॉ यांना दाद दिलीच पाहिजे. परंतु दूरध्वनीचे तीन तुकडे खड्ड्यांत दडविलेले आहेत. खेळणारा खड्ड्यात पडतो, मान लांबवून तरंगत वर येतो आणि काठावर जरा चुकले की पुन्हा आत. पाय जमिनीवर दिसत असतानाही केवळ डोके कडेला टेकल्याने तो पडतो. ज्या खड्ड्यात तुकडा नाही, तेथेही हीच यातायात. परिणामी घराची ओढ मागे पडते आणि खड्ड्याचा वैताग तेवढा शिल्लक राहतो.

त्याहून गंभीर गोष्ट एलियटची. चित्रपटात गोळ्यांची वाट आखून तो त्या भेदरलेल्या जीवाला घरी आणतो. गोळी हे तेथे विश्वासाचे पहिले चिन्ह आहे. खेळात नऊ गोळ्या जमवून एलियटला बोलाविले की तो दूरध्वनीचा तुकडा देतो. मूर्च्छित ई.टी.ला तो सावरतो हे खरे, पण तेही ठरावीक वेळाच. मैत्रीचा असा दुकानदारी हिशेब पाच आठवड्यांऐवजी पाच महिने मिळाले असते तरी टळला असता, असे वाटत नाही.

खेळाला भावना पेलवतच नाही असे म्हणावे, तर आपल्या वऱ्हाडातील भुलाबाई आठवते. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत अमरावती-अकोल्याकडील मुली भुलाबाई-भुलोजीपुढे सासर-माहेरची गाणी म्हणत आल्या आहेत आणि गाणी संपली की डब्यातील खिरापत ओळखायची असते. डबा हलवून आवाज ऐकायचा, गोड की तिखट ते विचारायचे, तर्क चुकला की पुन्हा विचारायचे. हा निखळ खेळ आहे. पण ओळखायचे असते ते कोणाच्या तरी आईने केलेले काहीतरी. गाण्यातील माहेर आणि डब्यातील खाऊ यांना जोडणारा धागा नियमातच विणलेला आहे. पिढ्यान्‌पिढ्या घडत आलेला लोकखेळ आणि बाजारासाठी घाईने केलेली वस्तू यांची तुलना विषम आहे, हे मान्य. तरीही नियम भावना वाहून नेऊ शकतो, एवढे त्यातून सिद्ध होते.

सप्टेंबर १९८३ मध्ये अटारीने न खपलेला माल न्यू मेक्सिकोतील अॅलमगोर्डो येथील कचराभूमीत पुरला. एप्रिल २०१४ मध्ये उत्खनन होऊन त्यातील ‘ई.टी.’च्या प्रती बाहेर आल्या. एक प्रत स्मिथसोनियनच्या संग्रहातही दाखल झाली. दरम्यान हौशी संगणकतज्ज्ञांनी मूळ आज्ञावलीत फेरफार करून खड्ड्यात अकारण पडण्याचा दोष दूर केला. त्या सुधारित आवृत्तीतही नऊ गोळ्या मोजूनच एलियट तुकडा देतो.