बाजाराची जात : डॉ. सुखदेव थोरात यांच्या संशोधनाविषयी

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील बाजारात ग्राहक असतो, विक्रेता असतो, मागणी व पुरवठा असतो, जात नसते. हेच पुस्तक मी कुर्डुवाडीत शिकवतो. समोरच्या बाकांवर बसलेली बरीच मुले आपल्या घरातली पदवीपर्यंत पोचलेली पहिलीच. माझ्या घरात मीही पहिलाच. पुस्तकातला बाजार आणि खेड्यातला बाजार एक नव्हे, हे या मुलांना सांगावे लागत नाही. परंतु अनुभवाने जे ठाऊक आहे ते शास्त्राच्या भाषेत सिद्ध करावे लागते. एरवी प्रस्थापित विद्वान त्याला गाऱ्हाणे ठरवून बाजूस सारतात. डॉ. थोरात यांच्या संशोधनाचे मोल येथे आहे.

अमरावती जिल्ह्यातून आलेले, तेव्हाच्या औरंगाबादेतील मिलिंद महाविद्यालयात शिकलेले थोरात पुढे जवाहरलाल नेहरू विद्यापीठात प्राध्यापक झाले, २००६ ते २०११ या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. पण पदांची यादी देऊन गौरव करणे हा या लेखाचा हेतू नव्हे. त्यांची अभ्यासपद्धती आपल्या हाती काय देते आणि कुठे थांबते, एवढेच पाहायचे आहे.

या विचाराचे मूळ १९१८ सालात आहे. त्या वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातील लहान शेतधारणेवर इंग्रजीत निबंध लिहिला. तुकडे जोडा, शेत मोठे करा, असा त्या काळच्या तज्ज्ञांचा धोशा होता. बाबासाहेबांनी प्रश्नच फिरवला. शेत किफायतशीर आहे की नाही, हे नुसत्या एकरांवर ठरत नाही. त्यावर राबणारे हात आणि लागणारे भांडवल यांच्या मेळावर ठरते. जमिनीवर माणसांचा भार जादा आहे, त्यातले कित्येक हात रिकामे आहेत, आणि यावरचा उपाय औद्योगिकीकरण हा आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. म्हणजे शेतीच्या दुखण्याचे औषध त्यांना शेतीबाहेर दिसले. आता प्रश्न असा की, शेतीबाहेर पडण्याचे दार सर्वांना सारखे उघडे आहे काय?

पुढच्या अर्थशास्त्रज्ञांनी हा प्रश्न क्वचितच विचारला. पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांचा १९७१ चा दारिद्र्याचा अभ्यास खरोखर मोठा. ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के व शहरांतील सुमारे ५० टक्के लोकांना पुरेसे अन्न मिळवण्याइतकाही खर्च परवडत नाही, हे त्यांनी देशासमोर मांडले. पण त्यांची रेषा उष्मांकांवर आखलेली होती. पोटात किती गेले, हे उष्मांक सांगतात. ते अन्न कोणत्या दारात, किती अंतरावर उभे राहून घ्यावे लागले, हे सांगत नाहीत.

थोरातांनी ते दार मोजले. २००५ साली जोएल ली यांच्यासह त्यांनी पाच राज्यांतील ५३१ गावांच्या पाहणीवर लेख लिहिला. रेशन दुकानात वजनात व किमतीत होणारा भेद त्यांनी नोंदला. शाळेतील माध्यान्ह भोजनात राजस्थानात ५२ टक्के, तामिळनाडूत ३६ टक्के आणि आंध्रात २४ टक्के गावांतून भेदभाव आढळला. २००६ साली इतर अभ्यासकांसह लिहिलेल्या ग्रामीण अस्पृश्यतेवरील ग्रंथात अकरा राज्यांतील ५६५ गावांचा हिशेब आहे. जिथे दूध सहकारी संस्था होत्या, त्यांपैकी ४७ टक्के गावांत दलितांना तेथे दूध घालता येत नव्हते. म्हैस विकत घेण्यासाठी कर्ज देणाऱ्या योजना या एका आकड्यापुढे किती केविलवाण्या ठरतात! कर्जाने म्हैस येईल. दूध कोण घेणार?

तिसरे काम शिक्षणाला भिडते. २००७ साली पॉल अ‍ॅट्युवेल यांच्यासह थोरातांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. खाजगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता तुल्य, नावे वेगळी. सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश, मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश भरली. बाबासाहेबांनी दाखवलेल्या वाटेवर, पदवी हाती असतानाही, जात पहाऱ्याला उभी आहे, हे यातून सिद्ध झाले.

आता मर्यादा. पहिली गोष्ट वाचकांसाठी. ही टक्केवारी गावांची आहे, माणसांची नव्हे. एका पंगतीत भेद झालेले गाव आणि रोज भेद होणारे गाव येथे एकाच रकान्यात बसते. सभेत हे आकडे फेकणाऱ्या आपल्या वक्त्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा. चुकीच्या वापराने खरा आकडाही खोटा पडतो.

दुसरी गोष्ट, त्या पाच राज्यांत महाराष्ट्र नव्हता. त्यामुळे 'ते तिकडचे, फुले-शाहू-आंबेडकरांच्या महाराष्ट्रात तसले नाही' असे म्हणण्याची सोय आपल्याकडच्या मंडळींना मिळाली.

तिसरी मर्यादा सर्वांत गंभीर. नोकरीचा तो प्रयोग इंग्रजी वर्तमानपत्रांतील जाहिरातींवर झाला. कुर्डुवाडीला जंक्शन आहे, रेल्वेचा कारखाना आहे. रेल्वेची नोकरी म्हणजे जाहिरात, परीक्षा, आरक्षण. तिथे निदान दार कुठे आहे ते दिसते. परंतु मराठी माध्यमातून शिकलेल्या आमच्या मुलाला आज जी खाजगी कामे मिळू शकतात, त्यांतील बहुतेकांची जाहिरातच निघत नाही. ती सोयऱ्याधायऱ्यांत, ओळखीत, देणगीच्या पाकिटात भरली जातात. जिथे अर्जच मागवला जात नाही, तिथे अर्जावरचे आडनाव कसे तपासणार? तीच गत ऊसतोडीची. उजनीच्या पाण्याने या तालुक्यात ऊस आला, आणि नवरा-बायको मिळून 'एक कोयता' मोजण्याची रीतही आली. मुकादमाच्या उचलीत बांधलेली ती जोडपी कोणत्या जातींची, याचा हिशेब कारखान्याच्या ताळेबंदात नसतो.

या उणिवा दाखवल्याने थोरातांचे काम उणे होत नाही. त्यांनी फूटपट्टी दिली. ती घेऊन आपल्या गावात उतरणे आपले काम आहे. वेदना शब्दांत मांडण्यात दलित साहित्याने मोठा पल्ला गाठला. तीच वेदना आकड्यांत मांडणारे आपल्यात अजून थोडे आहेत, आणि मराठीत मांडणारे त्याहून थोडे. तालुक्याच्या महाविद्यालयांतील मुले प्रकल्पासाठी दरवर्षी पुस्तकातली तीच कोष्टके उतरवून काढतात. त्यांनी त्याऐवजी आपल्या गावच्या दूध संकलन केंद्रावर कोणाचे दूध येते, रेशनच्या काट्यावर कोणाला किती मिळते, जाहिरातीविना भरलेल्या जागेवर कोण बसले, हे मोजून आणावे. नाकारले जाणे मोजता येते, हे एकदा सिद्ध झाले आहे. आता ते माढा तालुक्यात मोजले पाहिजे.